तुलनेची शाळा

फेब्रुवारी सरत आला की बंगळुरूच्या रस्त्यांवर ती गुलाबी झाडं एकदम फुलतात. पानं जवळपास नाहीतच, नुसती फुलं. ऑफिसला निघालेली माणसं गाडी बाजूला घेऊन फोटो काढतात, मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकतात, आणि आठवडाभर सगळ्या शहराला आपण कुठेतरी परदेशात राहतो असं वाटत राहतं. मला मात्र ही फुलं दिसली की पोटात गोळा येतो. शाळेत असताना तो वार्षिक परीक्षेचा असायचा. परीक्षा देणं कधीच संपलं, चाळिशी दाराशी येऊन उभी राहिली, तरी गोळा आपला वेळेवर येतो. कारण आता परीक्षा मी घेते.

म्हणजे मी शिक्षिका नव्हे. मी नेमकं काय करते, ते माझ्या आईलाही अजून धड सांगता येत नाही. ‘ती शाळा तपासते,’ असं ती साताऱ्यात सगळ्यांना सांगते, त्यामुळे निम्म्या नातेवाइकांना मी सरकारी इन्स्पेक्टर वाटते आणि उरलेल्यांना काहीच वाटत नाही. बसवनगुडीत एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. कुणी शाळांना पुस्तकं वाटतं, कुणी कंपनीतल्या माणसांना प्रशिक्षण देतं. त्याने खरोखर काही फरक पडतो का, हे मोजून सांगणं हा आमचा धंदा. देणाऱ्याला फरक पडतो असं वाटतच असतं, घेणाऱ्यालाही भिडेखातर वाटतं. आम्ही वाटण्यावर जात नाही. या एका वाक्यात माझी नोकरी आली आणि थोडाफार स्वभावही.

यंदा शाळा नाहीत. यंदा व्हाइटफील्डमधल्या एका कंपनीचं काम आहे. तिथली माणसं राजीनामे का देतात, ते शोधायचं आहे. प्रश्नावली मी लिहिली. ‘कामाच्या ठिकाणी ज्याच्याजवळ मन मोकळं करावं असं कुणी तुम्हाला आहे का?’ हा प्रश्न माझाच. आमच्याकडे रीत अशी की, लिहिणाऱ्याने ती आधी स्वतः भरायची, म्हणजे भरायला किती वेळ लागतो ते कळतं. मी भराभर भरत गेले आणि या प्रश्नाशी अडले. खिडकीबाहेर ते गुलाबी झाड होतं, त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, आणि मग ‘उत्तर द्यायचं नाही’ या चौकटीत खूण केली. ती चौकटही मीच ठेवलेली होती.

अशा वेळी मला विमलाक्कांची शाळा आठवते. काही वर्षांपूर्वीचा तो हंगाम, हीच फुलं, हेच कोरडं ऊन. बंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बाजाराच्या मागे, हार्डवेअरच्या दुकानांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांची कन्नड शाळा. एका बाजूला पत्रा कापायचा आवाज, दुसऱ्या बाजूला बिर्याणीचा वास, आणि मध्ये बसून पोरं पाढे म्हणायची. विमलाक्का तिथल्या मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका आणि घंटा वाजवणाऱ्या बाई, तिन्ही. त्यांचं घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. मराठी घरात टिकलेली, पण तिच्यात कन्नड इतकी मुरलेली की ती वेगळी काढू म्हटलं तरी निघणार नाही. माझा फोन चालू असताना त्यांनी मला आईशी बोलताना ऐकलं आणि म्हणाल्या, “अय्यो, तू आमचीच की ग! मग मघापासून कन्नडात कशाला बोलायलीस मा?”

मला कन्नड येते, कारण मी इथेच वाढले. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, कारखान्याची कॉलनी, गणपतीत नाटक, मैत्रिणी घरोघर. बाबा निवृत्त झाले आणि आईबाबा साताऱ्याला परत गेले. मैत्रिणी लग्न होऊन पांगल्या, काही परदेशी गेल्या, कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब आलं. मी नोकरीसाठी राहिले. गाव तेच, रस्ते तेच, आणि ओळखीचं माणूस एक नाही, ही मोठी चमत्कारिक अवस्था असते. परक्या गावातल्या एकटेपणाला निदान कारण तरी सांगता येतं.

त्या वर्षी एका मोठ्या कंपनीच्या दानधर्माच्या ट्रस्टने शहरातल्या लहान शाळांसाठी वाचनाचा कार्यक्रम काढला होता. प्रत्येक शाळेला रंगीत गोष्टींच्या पुस्तकांची पेटी आणि वाचन घ्यायला एक जास्तीच्या बाई. पण फरक मोजायचा तर दोन गट लागतात. एका गटाला द्यायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि दोघांना सारखंच मोजायचं. ज्यांना द्यायचं नाही त्या आमच्या भाषेत तुलनेच्या शाळा. वर्षअखेरीस फरक दिसला, तर पुढच्या वर्षी त्यांनाही पेटी आणि बाई मिळणार, असं ट्रस्टने कबूल केलं होतं. विमलाक्कांची सगळी भिस्त त्या पेटीवर होती. शाळेचा पट घसरत चालला होता, आणखी घसरला तर शाळा पलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळून टाकू, असं वरचे साहेब येऊन सांगून गेले होते. पुस्तकं आली, जास्तीच्या बाई आल्या, की पालक पोरं काढून नेणार नाहीत, असं त्यांचं गणित होतं.

कुणाला कोणता गट, ते सोडतीने ठरतं. आमचे प्रमुख मूर्ती सर संख्याशास्त्राचे, संगणकावर त्यांचं हे काम चहा गाळेपर्यंत झालं असतं. पण संगणकाने निवडलं की लोकांना वाटतं कुणीतरी आतून निवडलं. म्हणून सर सगळ्या शाळांच्या शिक्षकांना बोलावतात आणि स्टीलच्या डब्यातून त्यांनाच चिठ्ठ्या काढायला लावतात. विमलाक्का आल्या त्या ठेवणीतली साडी नेसून. डब्यापाशी येताना त्यांनी चप्पल बाहेर काढली, डब्याला हात लावून डोळ्यांना लावला आणि मग चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर ‘तुलना’ होतं. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि मला हळूच विचारलं, “परत एकदा काढू का मा? आत्ता हात स्वल्प हलला.” मी नाही म्हटलं. “सरी,” म्हणाल्या, म्हणजे बरं, आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवून दिली, प्रसादासारखी.

त्यानंतर वर्षभरात मी त्यांच्या शाळेत तीनदा गेले. सुरुवातीला, दसऱ्यानंतर आणि शेवटी या फुलांच्या दिवसांत. काम साधं. कोपऱ्यात दोन खुर्च्या, समोर एक मूल, त्याच्या हातात एक उतारा, माझ्या हातात टायमर. एक मिनिट त्याने वाचायचं, मी ऐकायचं. शाब्बास म्हणायचं नाही. चुकलं तर सुधारायचं नाही. अडलं तर सांगायचं नाही. मान हलवायची नाही. मिनिट संपलं की ‘सरी’ म्हणायचं आणि पुढच्याला बोलवायचं. ऐकायला हे फार सोपं वाटतं. पण वाचणारं पोर दर दोन शब्दांनी मान वर करून तुमच्याकडे बघतं. बरोबर ना, एवढंच विचारत असतं ते. त्या नजरेला काहीही उत्तर न देता बसणं, याच्याइतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

आणि शाळेशी सलगी करायची नाही, हा आणखी एक नियम. पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही, कार्यक्रमाबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. अक्कांनी एकदा माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणून ठेवला होता. मी नियम सांगितला. “फुलाला कसला ग नियम?” असं म्हणाल्या, पण रागावल्या नाहीत. गजरा त्यांनी भिंतीवरच्या सरस्वतीला घातला. मी जिना उतरले तेव्हा माझ्या मोकळ्या केसांची मला विनाकारण लाज वाटली.

ती शिस्त हळूहळू माझ्या अंगात भिनली. भाजीवाल्याने ‘कांदा चांगला आहे ना मॅडम?’ विचारलं तरी माझा चेहरा कोरा. शेजारच्या काकू बाळंतविड्याची गोष्ट रंगवून सांगत होत्या, आणि गोष्ट संपल्यावर माझ्या तोंडून निघालं, “सरी.” त्या दिवसापासून त्या लिफ्टमध्ये भेटल्या की फोन काढतात. दिवसभर मी पोरांचं ऐकायची, संध्याकाळी घरी आले की कुकरची शिट्टी तेवढी बोलायची. रविवारी आईचा फोन. जेवलीस का, गॅस बंद केलास का, ऊन आहे का तिकडे. मी हो, हो, आहे. कधीतरी वाटायचं, आपल्यालाही कुणीतरी समोर बसवावं, टायमर लावावा आणि मिनिटभर नुसतं ऐकून घ्यावं. चुका काढू नयेत, सल्ला देऊ नये. पण हे सांगायचं कुणाला, तिथूनच अडचण होती.

शेवटच्या चाचणीला मी शिवाजीनगरच्या बस स्टँडवर जरा लवकरच उतरले. शाळेची घंटा झाली नव्हती, पण वर्गातून आवाज येत होता. मी खिडकीशी थांबले. आत मुलं जोडीजोडीने समोरासमोर बसली होती. एक वाचत होतं, दुसरं ऐकत होतं. ऐकणाऱ्यांत आयेशा नावाची एक मुलगी अगदी खिडकीजवळ होती. तिने दप्तर माझ्या बॅगेसारखं खांद्याला तिरकं अडकवलं होतं, कंपासपेटी टायमरसारखी धरली होती, पाठ ताठ, चेहरा कोरा. समोरची मैत्रीण अडली, मान वर करून बघू लागली. आयेशा हललीसुद्धा नाही, नुसती तिच्याकडे बघत राहिली. मैत्रिणीने शब्द पुन्हा जुळवला, वाचला, पुढे गेली. शेवटी आयेशाने कंपासपेटीवर टिचकी मारली आणि म्हणाली, “सरी. पुढचं कोण?”

मला हसू आलं. मी अशी दिसते? इतकी गंभीर, इतकी दूर? आणि तरी त्या समोरच्या मुलीला आयेशा दूर वाटत नव्हती. कुणीतरी आपलं शेवटपर्यंत ऐकणार आहे, एवढी एकच खात्री तिला होती, आणि त्या जोरावर ती अडत अडत पुढे जात होती.

मागून अक्का आल्या. “हे आमचं मिस आट,” त्या कौतुकाने म्हणाल्या. कन्नडात आट म्हणजे खेळ. “तू गेलीस की ही पोरं तुझी नक्कल करायची. आधी मी ओरडले. मग म्हटलं, बघू तरी. ऐकणारी पोर काही बोलत नाही, तर वाचणारी पोर घाबरत नाही ग. म्हणून रोज घंटेआधी अर्धा तास हेच करायचं ठरवलं. आणि महिन्याच्या सभेला आमच्यातल्या बाकीच्या बायका भेटतात की, तुलनेच्या शाळांतल्या, त्यांनाही सांगितलं. म्हटलं, आपल्याला चिठ्ठी लागली नाही, तर एवढं तरी करू. पेटी येईपर्यंत पोरं तयार राहतील.”

त्या क्षणी मला काय होणार आहे ते कळलं. जिला मोजायला आम्ही आलो तिने मोजण्याचाच धडा करून घेतला होता, आणि तो सगळ्या तुलनेच्या शाळांना वाटला होता. मी आत गेले, खुर्चीवर बसले, टायमर काढला. पोरं एकेक करून आली आणि वाचत गेली. सुरुवातीला अक्षर अक्षर जोडणारी ती पोरं, आता वाक्याच्या टोकाला पोचून श्वास घेत होती. मला शाब्बास म्हणायचं होतं. मी सरी म्हणत राहिले.

मूर्ती सरांना मी त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “हे अहवालात लिहावं लागेल,” म्हणाले. लिहिलं. पण एरवी महिनोन्‌महिने चालणारं काम त्या वेळी मार्चअखेरच्या आत हवं होतं, कारण ट्रस्टचं वर्ष तिथे संपत होतं. व्हाइटफील्डच्या काचेच्या इमारतीत, थंडगार खोलीत, पडद्यावर दोन रेषा दिसल्या. एक पुस्तकं मिळालेल्या शाळांची, दुसरी न मिळालेल्यांची. दोन्ही वर चढत गेलेल्या आणि टोकाला जवळजवळ एकीवर एक. टेबलापलीकडच्या तरुण साहेबाने विचारलं, “म्हणजे हा कार्यक्रम चालत नाही, असंच ना?” सर दुसऱ्या रेषेबद्दल सांगू लागले. ती वर का गेली, ती कशी पोरांच्या खेळाने वर गेली. साहेब नम्रपणे ऐकत होते, पण खोली पुढच्या बैठकीसाठी हवी होती. दोन दिवसांनी मेल आला. कार्यक्रम थांबला.

कुणी म्हणेल, पण शिकली ना ती मुलं? शिकली. तरी पुढच्या जूनमध्ये पट आणखी घसरला आणि शाळा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत मिसळली. लहान पोरांना तो रस्ता ओलांडायचा धीर होत नाही, म्हणून त्यातली काही आता कुठल्याच शाळेत जात नाहीत, असं ऐकलं. अक्कांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि मुलाकडे मंगळूरला गेल्या. परवा त्या गल्लीतून गेले, वर डोकावले, तर त्या दोन खोल्यांत पाइपांचा माल रचून ठेवलेला होता. दाराशी बसलेल्या माणसाने काय हवं म्हणून विचारलं. अर्ध्या इंची पाइपाचा भाव विचारून परत आले.

निकाल शाळेत जाऊन तोंडाने सांगायचा, ही मूर्ती सरांची पद्धत. ज्यांनी वर्षभर आपल्याला वेळ दिला त्यांना तो टपालाने कळू नये, असं ते म्हणतात. तो मेल आल्यानंतर, उन्हाळ्याच्या सुट्टीला थोडे दिवस उरले होते तेव्हा मी अक्कांकडे गेले. रस्त्यावर सगळी गुलाबी फुलं वाळून पडली होती. ऑफिसपासून तिथपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते, आणि जिना चढेपर्यंत त्यातलं एकही उरलं नाही.

व्हरांड्यात आम्ही दोघी बसलो. मी सांगितलं, पेटी येणार नाही, बाई येणार नाहीत.

अक्कांनी हातातली वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “आमची पोरं कमी पडली काय ग?”

“नाही अक्का. कमी पडली असती तर पेटी आली असती.”

त्यांना लगेच कळलं नाही. मी दोन रेषांचं सांगितलं. हाताने हवेत काढून दाखवलं. पुस्तकवाल्यांची रेष वर गेली, तशीच तुमचीही गेली, मग देणाऱ्याला वाटलं पुस्तकांनी काही होत नाही. माझा हात हवेत तसाच राहिला, खाली कसा घ्यावा ते कळेना.

“म्हणजे आम्ही रोज बसून वाचलं, ते नडलं म्हण.”

“हो.”

“आणि मी त्या बाकीच्या बायकांना सांगितलं, तेही.”

मला खोटं बोलता आलं असतं. नियमात कुठेही तसं लिहिलेलं नव्हतं. पण वर्षभर मी त्यांच्याशी न बोलता वागले होते, आता बोलायचं तर खरंच बोलावं असं वाटलं. “तेही,” मी म्हटलं. मला फार वाईट वाटत होतं, आणि ते वाटणं ठेवायला आसपास कुठेही जागा नव्हती.

अक्कांनी पदराने कपाळ पुसलं, मग डोळे. “कागदात काय लिहिलंय? इंग्लिश नको, आपल्यात सांग.”

मी अहवाल उघडला. ते वाक्य मीच लिहिलं होतं. “ज्या शाळांना पुस्तकं आणि जास्तीच्या बाई मिळाल्या, आणि ज्यांना मिळाल्या नाहीत, त्यांच्या मुलांच्या वाचनात फरक आढळला नाही.”

“परत वाच.”

मी परत वाचलं.

त्या उठल्या, साडीच्या निऱ्या झटकल्या आणि वर्गात गेल्या. मी दारापर्यंत गेले. पोरं उभी राहिली. अक्कांनी त्यांना बसायला सांगितलं आणि कन्नडात, घंटा वाजवल्यासारख्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “मुलांनो, ऐका. मोठ्या ऑफिसातून मिस आपला निकाल घेऊन आल्यात. ज्या शाळांना रंगीत पुस्तकं मिळाली, वेगळ्या बाई मिळाल्या, ती मुलं आणि तुम्ही, यांच्यात काही फरक नाही असं छापून आलंय.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आयेशाने विचारलं, “काहीच नाही?”

“काहीच नाही.”

आधी मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला, बाकं बडवू लागला. कुणी शिट्टीही मारली, आणि त्या दिवशी त्याला कुणी रागावलं नाही. समोरच्या दुकानातला माणूस काय झालं म्हणून करवत थांबवून वर बघत राहिला. अक्का फळ्यापाशी उभ्या राहून पोरांबरोबर टाळ्या वाजवत होत्या, सगळ्यांत जोरात. दाराकडे, माझ्याकडे, त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.